हजरत अबू हुरैरा (रजि.) : ज्यांचे टोपणनावच नाव झाले

जुम्याच्या खुत्ब्यात, मदरशाच्या पाठात आणि हदीसच्या कोणत्याही लहानमोठ्या संग्रहात जे एक नाव पुनःपुन्हा कानी पडते, ते हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे. नमाज असो, रोजा असो, शेजाऱ्याचा हक्क असो की वाटेतील त्रासदायक वस्तू बाजूला सारण्याचे पुण्य असो, दीनचा असा विषय विरळाच, ज्यात त्यांची रिवायत नाही. परंतु या थोर सहाबींचे मूळ नाव काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण मोठमोठ्या हदीसवेत्त्यांचेही याबाबत एकमत झालेले नाही. इस्लामपूर्व काळी त्यांचे नाव अब्द शम्स होते आणि इस्लाम स्वीकारल्यावर ते अब्दुर्रहमान झाले, हे मत अधिक प्रचलित आहे. कोणी अब्दुल्लाह म्हणतात, आणि याखेरीज इतरही अनेक नावे चरित्रग्रंथांत नोंदलेली आहेत. एका लाडाच्या नावाने मूळ नाव इतके झाकून टाकावे, हे नवलच होय.

अरबांमध्ये माणसाला त्याच्या अपत्यावरून हाक मारण्याची रीत होती. अशा नावास कुनियत म्हणतात. आपल्याकडेही बाईला तिच्या मुलाच्या नावाने अमक्याची आई म्हणून हाक मारतातच. कविवर्य वि. वा. शिरवाडकरांनी कुसुम या बहिणीचा अग्रज, म्हणून कुसुमाग्रज हे नाव धारण केले. नात्यातून नाव घडविण्याची ही तऱ्हा कुनियतीच्या अगदी जवळची आहे. मात्र अरबीत अबू म्हणजे केवळ पिता नव्हे. ज्या वस्तूशी एखाद्याचा विशेष संबंध जडला, त्या वस्तूचा धनी किंवा त्या वस्तूवाला, या अर्थीही हा शब्द येतो. हुरैरा म्हणजे चिमुकली मांजर. तेव्हा अबू हुरैरा म्हणजे मांजरीच्या पिल्लावाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील अकराव्या आयतीत अल्लाहने ईमानवंतांना एकमेकांची थट्टा करण्यास, एकमेकांना टोमणे मारण्यास आणि एकमेकांना वाईट टोपणनावांनी पुकारण्यास स्पष्ट मनाई केली आहे. ईमान आणल्यानंतर अशा नावांनी ओळखले जाणे ही निंद्य गोष्ट ठरविली आहे, आणि जे यातून तौबा करीत नाहीत त्यांना अत्याचारी म्हटले आहे. मग ज्या सहाबींकडून उम्मतला सर्वाधिक हदीसी मिळाल्या, ते स्वतः एका टोपणनावानेच कसे ओळखले गेले? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जीवनातच दडलेले आहे.

शेळ्या, झाड आणि पिल्लू

हजरत अबू हुरैरा (रजि.) यमनकडील दौस या कबिल्याचे. बालपणीच वडिलांचे छत्र हरपले. गरिबी एवढी की तरुणपणी बुसरा बिंते गजवान नावाच्या स्त्रीकडे त्यांनी केवळ पोटाला अन्न आणि प्रवासात पाळीपाळीने स्वारीवर बसायला मिळावे, एवढ्या मोबदल्यावर चाकरी केली. मुक्काम पडला की लाकडे गोळा करावीत आणि काफिला निघाला की उंट हाकावेत, हे त्यांचे काम.

घरच्यांच्या शेळ्या ते चारीत असत. त्या दिवसांत त्यांच्यापाशी मांजराचे एक लहानसे पिल्लू होते. रात्री ते पिल्लाला झाडावर ठेवीत आणि दिवस उजाडला की त्याला सोबत घेऊन रानात जात. शेळ्या चरत असता त्यांचा वेळ त्या पिल्लाशी खेळण्यात जाई. हे पाहून लोकांनी त्यांना अबू हुरैरा म्हणायला सुरुवात केली. इमाम तिर्मिजी (रह.) यांनी आपल्या संग्रहात ही हकिकत खुद्द त्यांच्याच तोंडून नोंदविली आहे. या नावात कोणाचे व्यंग नाही, कोणाच्या कुळाचा उणेपणा नाही, कोणाच्या चुकीची आठवण नाही. एका अनाथ गुराख्याने मुक्या जिवावर केलेली माया तेवढी या नावात साठलेली आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत हा माणूस पोहोचला तेव्हा त्यांचे अब्द शम्स हे नाव बदलले गेले. अब्द शम्स म्हणजे सूर्याचा दास. दास्यत्व तर केवळ अल्लाहचे, म्हणून ज्या नावात निर्मिलेल्या वस्तूची बंदगी आहे ते नाव मुस्लिमास शोभत नाही. ज्यांच्या अर्थात शिर्क किंवा अशुभ आशय होता अशी नावे बदलून प्रेषित (स.) चांगली नावे ठेवीत. पण अबू हुरैरा ही कुनियत मात्र त्यांनी राहू दिली. ज्या दारी एक नाव बदलले जाते आणि दुसरे राहू दिले जाते, त्या दारी नावांची पारख अर्थावरून होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

खैबरमधील दुसरे नाव

दौस कबिल्यात इस्लामचा संदेश हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांनी पोहोचविला होता. हजरत अबू हुरैरा (रजि.) मदीनेस आले ते हिजरी सन ७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२८ च्या सुमारास. प्रवासात त्यांच्यासोबत एक गुलाम होता, तो वाटेत चुकला. मदीनेत पोहोचल्यावर कळले की प्रेषित (स.) खैबरच्या मोहिमेवर गेले आहेत. तेव्हा तेही तिकडे गेले. पुढे ते प्रेषित (स.) यांच्या सेवेत बसलेले असताना तो हरवलेला गुलाम समोर येऊन उभा राहिला. प्रेषितांनी (स.) तो त्यांना दाखविला आणि त्यांनी तत्क्षणी अल्लाहसाठी त्याला मुक्त केले. ज्याच्याजवळ जगात जवळजवळ काहीच नव्हते, त्याने जे होते तेही पहिल्याच भेटीत अल्लाहच्या मार्गात दिले.

याच खैबरमध्ये त्यांच्या वाट्याला आणखी एक नाव आले. सहीह बुखारीत तो प्रसंग आहे. युद्धात मिळालेल्या मालाच्या वाटणीविषयी बोलणे चालले होते. तेथे हजरत अबान बिन सईद (रजि.) हेही आले होते. ते कुरैशच्या प्रतिष्ठित घराण्यातले. इस्लाम स्वीकारण्यापूर्वी त्यांच्या हातून इब्ने कौकल (रजि.) नामक मुस्लिम शहीद झाले होते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी त्या जुन्या गोष्टीचा उल्लेख केला. अबान (रजि.) यांना ते झोंबले, आणि त्यांनी या नवागत यमनी माणसाला वब्र म्हटले; डोंगरावरून आत्ताच खाली उतरून आलेला वब्र. वब्र म्हणजे अरबस्तानच्या डोंगरकपारीत राहणारा, शेपूट नसलेला एक लहान प्राणी. आकाराने तो साधारण मांजराएवढाच असतो. रोख स्पष्ट होता : तू कोण, कुठला, आणि आमच्यात बोलणारा कोण? एका रिवायतीत आहे की प्रेषितांनी (स.) अबान (रजि.) यांना खाली बसण्यास सांगून तो वाद तेथेच थांबविला.

सहाबाही माणसेच होती. रागाच्या भरात एखादा शब्द तोंडून निघून जाई आणि मग प्रेषितांचे (स.) शिक्षण त्यांना सावरी. या प्रसंगावरून आपण कोणा सहाबींविषयी मन कलुषित करू नये. हजरत अबान (रजि.) यांच्यावर पुढे प्रेषितांनी (स.) जबाबदारीची कामे सोपविली, हेही लक्षात ठेवावे. पण या दोन नावांचा विचार मात्र अवश्य करावा. दोन्ही नावे प्राण्यांची. दोन्ही प्राणी सारख्याच आकाराचे. दोन्ही नावे एकाच माणसाला मिळाली. एक मायेतून मिळाले, दुसरे तुच्छतेतून. वब्र हा शब्द त्या एका प्रसंगाच्या नोंदीत तेवढा राहिला, प्रेषितांनी (स.) त्याला थारा दिला नाही आणि कोणा मुस्लिमाने तो पुन्हा त्यांच्यासाठी वापरला नाही. अबू हुरैरा हे नाव मात्र चौदाशे वर्षे आदराने घेतले जात आहे. म्हणजे प्राण्याच्या नावाने हाक मारणे योग्य की अयोग्य, असा हा प्रश्नच नाही. त्या हाकेत समोरच्या माणसाला जवळ घेतलेले आहे की दूर लोटलेले आहे, हा खरा प्रश्न आहे.

सूरह अल-हुजुरातमधील त्या आयतीची पार्श्वभूमी हेच सांगते. हदीस आणि तफसीरच्या ग्रंथांत आहे की प्रेषित (स.) मदीनेस आले तेव्हा बनू सलिमा या घराण्यातील प्रत्येक माणसाला दोन-दोन, तीन-तीन नावे होती. प्रेषित (स.) एखाद्याला त्यांपैकी एका नावाने हाक मारीत तेव्हा लोक सांगत, की या नावाचा त्याला राग येतो. या संदर्भात ती आयत अवतरली. तेथे नाव किती वाईट होते याची चर्चा नाही. त्या नावाने त्या माणसाला दुःख होते, एवढेच पुरेसे ठरले.

सुफ्फाचे दिवस

मदीनेत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी घर बांधले नाही, शेत घेतले नाही, दुकान थाटले नाही. मस्जिदे नबवीलगत सुफ्फा नावाचा छप्पर असलेला ओटा होता. ज्यांना घरदार नाही असे सहाबा तेथे राहत आणि दीन शिकत. त्यांतच हेही राहिले. उपासमार अशी की ते पोटाला दगड बांधीत. कित्येकदा भुकेने ते मिंबर आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या हुजऱ्याच्या मध्ये बेशुद्ध होऊन पडत. येणारे-जाणारे त्यांना वेडाचा झटका आला आहे असे समजून, त्या काळच्या समजुतीप्रमाणे, त्यांच्या मानेवर पाय ठेवीत. वेड कसले, ती भूक होती.

कल्पना करा, अशा अवस्थेतील माणसाला लोक काय काय नावे ठेवू शकले असते. आपल्या गल्लीत रोज बेशुद्ध पडणाऱ्या गरीब परदेशी माणसाला आपण काय म्हटले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

त्याच दिवसांतील दुधाच्या प्याल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. भूक असह्य होऊन ते एकदा लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बसले. हजरत अबू बक्र (रजि.) तेथून गेले. त्यांनी कुरआनच्या एका आयतीविषयी विचारले. हेतू हा की बोलता बोलता ते घरी घेऊन जातील आणि काही खाऊ घालतील. ते उत्तर देऊन पुढे गेले. हजरत उमर (रजि.) आले. त्यांनाही तसेच विचारले, आणि तेही पुढे गेले. मग प्रेषित (स.) आले. त्यांनी चेहरा पाहिला, मनातले ओळखले, स्मित केले आणि अबू हिर्र अशी हाक मारून आपल्यामागे येण्यास सांगितले.

घरी कोणीतरी भेट म्हणून पाठविलेला दुधाचा एक प्याला होता. प्रेषितांनी (स.) सुफ्फावरील सर्वांना बोलावून आणण्यास सांगितले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या मनात आले, एवढेसे दूध इतक्या जणांत कितीसे पुरणार, आणि वाटणारा मी, तेव्हा माझ्या वाट्याला काय उरणार! पण आज्ञा पाळणे भाग होते. ते सर्वांना घेऊन आले आणि एकेकाच्या हाती प्याला देत गेले. प्रत्येक जण तृप्त होऊन प्याला परत देई. शेवटी प्रेषितांनी (स.) प्याला हाती घेतला, त्यांच्याकडे पाहून पुन्हा स्मित केले, पुन्हा त्याच नावाने हाक मारली आणि त्यांना बसून पिण्यास सांगितले. ते प्याले. पुन्हा पिण्यास सांगितले, पुन्हा प्याले. पोटात आता जागाच उरली नाही अशी त्यांनी शपथ घेतली, तेव्हा प्रेषितांनी (स.) अल्लाहची स्तुती करून उरलेले दूध स्वतः घेतले.

या प्रसंगातील बरकत आपण नेहमी सांगतो. त्यातील हाकही ऐकण्यासारखी आहे. हिर्र म्हणजे मांजर. हुरैरा हे त्याचेच लघुत्ववाचक स्त्रीलिंगी रूप. प्रेषितांनी (स.) नाव थोडे आखूड केले, थोडे भारदस्त केले आणि स्मित करीत उच्चारले. एका रिवायतीनुसार हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना स्वतःला अबू हिर्र हीच हाक अधिक प्रिय होती, कारण ती प्रेषितांच्या (स.) मुखातून आलेली होती. भुकेने कासावीस झालेल्या माणसाला भाकरीइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते. कोणीतरी आपल्याला आपले म्हणून हाक मारावी. त्या दिवशी त्यांना दोन्ही मिळाले.

आईसाठी दुआ

मांजराच्या पिल्लावर एवढी माया करणारा माणूस आईवर किती करीत असेल! त्यांची आई दीर्घकाळ इस्लामपासून दूर राहिली. ते तिला रोज समजावीत. एकदा तिने प्रेषितांविषयी (स.) अनुचित शब्द काढले. ते रडत रडत प्रेषितांकडे (स.) गेले. त्यांनी आईची तक्रार केली नाही. आईला मार्गदर्शन लाभावे म्हणून दुआ करण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) दुआ केली. ते घरी परतले तर दार लोटलेले. आतून पाण्याचा आवाज येत होता. पावलांची चाहूल लागताच आईने त्यांना बाहेरच थांबण्यास सांगितले. अंघोळ उरकून, वस्त्रे नेसून तिने दार उघडले आणि कलिमा उच्चारला. ते पुन्हा रडत प्रेषितांकडे (स.) गेले, आता अश्रू आनंदाचे होते.

तेव्हा त्यांनी आणखी एक विनंती केली : ईमानवंतांच्या मनात माझ्याविषयी आणि माझ्या आईविषयी प्रेम निर्माण व्हावे, आणि आमच्या मनात त्यांच्याविषयी. प्रेषितांनी (स.) तीही दुआ केली. हे नाव ऐकताच आज कोट्यवधी मुस्लिमांच्या मुखी रजियल्लाहु अन्हु हे शब्द आपोआप येतात. ती दुआ आजही फळते आहे.

ज्ञानाचा वारसा

प्रेषितांचा (स.) सहवास त्यांना तीन-चार वर्षेच लाभला. तरीही त्यांच्या रिवायतींची संख्या ५३७४ सांगितली जाते. वेगवेगळ्या सनदींनी पुनःपुन्हा आलेल्या रिवायती या संख्येत धरलेल्या आहेत, हे विसरू नये. तरीही ही संख्या सर्व सहाबांत अधिक आहे. त्यांच्या हयातीतच लोकांनी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा त्यांनी कारण सांगितले होते : मुहाजिर बंधू बाजारात व्यापारात गुंतलेले असत, अन्सार बंधू आपल्या मळ्यांत, मी मात्र पोटापुरते मिळाले की प्रेषितांच्या (स.) पाठीशी असे. विसर पडण्याची तक्रार त्यांनी केली होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना चादर पसरण्यास सांगितले आणि मग ती छातीशी धरण्यास सांगितले. त्यानंतर ते काही विसरले नाहीत. यास परिश्रमाची जोड होती. त्यांच्या घरी ते, त्यांची पत्नी आणि सेवक रात्रीचे तीन भाग करून आळीपाळीने इबादत करीत, म्हणजे घर रात्रभर इबादतीविना राहत नसे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या दोन रिवायती विशेष लक्षणीय आहेत. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यासाठी मोकळेही सोडले नाही. त्यामुळे ती नरकाची धनी झाली. ही हदीस इतर सहाबींप्रमाणे त्यांनीही सांगितली आहे. मांजराच्या पिल्लावरून ज्यांना नाव मिळाले, त्यांच्या मुखातून ही ताकीद उम्मतपर्यंत पोहोचावी, यात मोठे औचित्य आहे.

दुसरी रिवायत नमाजेविषयी आहे. एकदा प्रेषितांनी (स.) चार रकातींची नमाज दोन रकातींवर संपविली. कोणाचे विचारण्याचे धैर्य होईना. तेव्हा लांब हातांच्या एका सहाबींनी विचारले, की नमाज कमी झाली की आपल्याला विसर पडला? या सहाबींना जुल-यदैन, म्हणजे हातांवाले, असे म्हणत, आणि प्रेषितही (स.) त्यांना त्याच नावाने संबोधीत. इमाम बुखारी (रह.) यांनी या हदीसवरून लोकांना उंच, ठेंगणा असे ओळखीसाठी म्हणणे कितपत योग्य, यावर स्वतंत्र प्रकरण मांडले आहे. ओळखीपुरते म्हटले, हिणविण्याचा हेतू नसला, तर मुभा आहे, हे त्याचे सार.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या शिष्यपरंपरेतही हेच दिसते. हदीसच्या सनदींत अल-आमश, अबू सालेह अस-सम्मान आणि अबू हुरैरा (रजि.) अशी एक प्रसिद्ध साखळी येते. आमश म्हणजे ज्याचे डोळे अधू आहेत व त्यांतून पाणी गळते तो. त्यांचे नाव सुलैमान बिन मेहरान. सम्मान म्हणजे तूपविक्या. त्यांचे नाव जकवान. तिसरे मांजराच्या पिल्लावाले. त्यांचेच दुसरे थोर शिष्य अल-आरज, म्हणजे पायाने अधू. त्यांचे नाव अब्दुर्रहमान बिन हुरमुज. उम्मतने आपला दीन ज्यांच्या हातून घेतला, त्यांच्या डोळ्यांचे व पायांचे अधूपण हे त्यांच्या उणेपणाचे चिन्ह राहिले नाही. सन्मानाने घेण्याच्या नावाचा तो भाग झाला. एकाच नावाचे अनेक रावी असल्याने ओळख पटविण्यासाठी हे करावे लागले. पण जेथे वेगळ्या नावाने ओळख पटते, तेथे व्यंगाचे नाव टाळावे, हाच विद्वानांचा कल राहिला.

इस्माईल बिन इब्राहीम नावाचे एक मोठे मुहद्दिस होऊन गेले. लोक त्यांना आईच्या नावावरून इब्ने उलय्या म्हणत, आणि ते त्यांना आवडत नसे. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी एका सहाध्यायी विद्वानास ते नाव न घेण्याविषयी आणि इस्माईल बिन इब्राहीम म्हणण्याविषयी सुचविले होते. इब्ने उलय्या या शब्दांत खरे पाहता अपमानाचे काहीच नाही. पण ज्याचे नाव, त्याची मर्जी.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे आणखी एक शिष्य हम्माम बिन मुनब्बिह (रह.) यांनी त्यांच्याकडून ऐकलेल्या हदीसी एका सहीफ्यात लिहून ठेवल्या. हा प्राचीन सहीफा विसाव्या शतकात हस्तलिखितांवरून संपादित करून जगासमोर आणला तो हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह (रह.) यांनी. ज्या हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता, तेथल्या एका विद्वानाच्या हातून ही सेवा घडली, याचा आपल्याला आनंद वाटावा.

अधिकार आणि अखेर

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत ते बहरैनचे प्रशासक झाले. पुढे खलिफांनी त्यांच्याकडील मालमत्तेचा कठोर हिशेब मागितला आणि त्यांना पदावरून दूर केले. चौकशीत त्यांचे म्हणणे खरे निघाले, तेव्हा पुन्हा पद देऊ केले. परंतु त्यांनी ते नम्रपणे नाकारले. नंतरच्या काळात मरवानच्या वतीने त्यांनी मदीनेचा कारभार पाहिला. त्या दिवसांतही ते लाकडाची मोळी स्वतःच्या पाठीवर वाहून आणीत आणि बाजारातल्या लोकांना, अमीरासाठी वाट सोडा, असे गमतीने म्हणत. ज्या बुसरा (रजि.) यांच्याकडे त्यांनी कधी पोटावारी चाकरी केली होती, त्यांच्याशीच पुढे त्यांचा विवाह झाला. ते आपली जुनी गरिबी लपवीत नसत. स्वतःच सांगत आणि अल्लाहचे आभार मानीत.

पद आले, प्रतिष्ठा आली, शेकडो शिष्य भोवती जमले. आता माझे भारदस्त नाव घ्या, असे म्हणण्याचा त्यांना अधिकार होता. पण शेळ्या चारणाऱ्या मुलाचे नाव त्यांनी टाकले नाही. हिजरी सन ५७ ते ५९ च्या दरम्यान, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आसपासचे असताना, मदीनेजवळ अकीक येथे त्यांचे निधन झाले. मदीनेचे तत्कालीन अमीर वलीद बिन उत्बा यांनी जनाज्याची नमाज पढविली आणि जन्नतुल बकी येथे त्यांना दफन करण्यात आले.

आपली हाक कशी असावी?

या जीवनातून टोपणनावाच्या तीन कसोट्या हाती येतात. पहिली, नावाच्या अर्थात शिर्क किंवा हीनता नसावी. अब्द शम्स बदलले, अबू हुरैरा राहिले. दुसरी, ज्याला हाक मारतो त्याला ती आवडावी. इब्ने उलय्यांची नाराजी पुरेशी ठरली. तिसरी, हाक मारणाऱ्याच्या मनात तुच्छता नसावी. वब्र हा शब्द तेथेच गळून पडला.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. कोणी पायाने अधू, त्याचे तेच नाव. कोणी अडखळत बोलतो, त्याचे तेच नाव. कोणी रंगाने काळा, कोणी ठेंगणा, कोणाचे वडील अमुक धंदा करीत, त्यांची तीच नावे. शाळेत पडलेले नाव क्रिकेटच्या मैदानावर जाते, तेथून दुकानावर, आणि शेवटी मोबाईलमध्ये नंबर साठवितानाही तेच लिहिले जाते. मुलाच्या स्थळाची चौकशी करायला पाहुणे येतात, तेव्हा चहाच्या टपरीवर त्याचे खरे नाव कोणाला माहीत नसते आणि व्यंगाचे नाव सर्वांना पाठ असते. विचारले तर उत्तर मिळते, तो तर हसतो, त्याला काही वाटत नाही. पण चारचौघांत आपल्या व्यंगाच्या नावाने पुकारला गेलेला माणूस हसल्यावाचून करील तरी काय? त्याचे हसणे म्हणजे संमती नव्हे. एकदा त्याला एकांतात विचारावे, तुला कोणत्या नावाने हाक मारू? कदाचित हे त्याला आजवर कोणीच विचारलेले नसेल.

बंधू-भगिनींनो, लाडाची नावे अवश्य ठेवा. घरातल्या मुलांना, मित्रांना, वृद्धांना प्रेमाने हाक मारणे ही तर सुन्नत आहे. फक्त ते नाव असे असावे की त्या माणसाने ते आपल्या आईसमोर, आपल्या मुलांसमोर आणि उद्या अल्लाहसमोरही आनंदाने स्वीकारावे.

अल्लाह आपल्या जिभेला कोणाचे मन दुखविण्यापासून वाचवो, ज्यांची मने आपण दुखविली त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य देवो, आणि प्रेषितांनी (स.) ज्यांना स्मित करीत हाक मारली त्या सहाबींचे प्रेम आपल्या अंतःकरणात वाढवो. आमीन.